सोपा गाल

गुरुवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बाबा गेले. जाताना त्यांचा उजवा गाल गुळगुळीत होता आणि डावा गाल नऊ दिवसांचा.

असं काही झालेलं नाही. वरचा मजकूर चुकून पडला, त्याकडे दुर्लक्ष करावं. आज शनिवार आहे, बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेत आणि धाकट्याला गाढव म्हणताहेत. म्हणजे घरात सगळं ठीक आहे.

धाकटा हा या घरातला दुसरा आणि शेवटचा नमुना. वय चोवीस. नोकरी एका मोठ्या कार्यालयाच्या आवक-जावक विभागात. लोक अर्ज घेऊन यायचे, हा त्यावर तारखेचा शिक्का मारायचा आणि आत पाठवायचा. आत गेलेला अर्ज परत आलेला त्याने पाहिलेला नव्हता. पण शिक्का मात्र सरळ बसायचा, याचा त्याला गुपचूप अभिमान होता. कारण त्याच्या हातून सरळ बसणारी ती जगातली एकमेव गोष्ट होती.

बाबा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, वकिलांच्या. त्यातही त्यांची खासियत काच. दाराच्या काचेवर आतल्या बाजूने उलटी अक्षरं काढायची, म्हणजे रस्त्यावरून सुलटी दिसतात आणि लोकांच्या बोटांनी रंग उडत नाही. हे काम शहरात तिघांनाच यायचं. त्यातला एक वारला, एकाने झेरॉक्सचं दुकान टाकलं आणि तिसऱ्याचा उजवा हात तीन आठवड्यांपूर्वी चहाचा कप उचलता उचलता मध्येच थांबला. कप फुटला. हातासोबत उजवा गालही संपावर गेला. बाकीचे बाबा नेहमीसारखेच कामावर हजर होते. तोंड तर ओव्हरटाइम करत होतं.

"मानेतल्या नळीत गाळ साचलाय," डॉक्टर म्हणाले होते. "शुक्रवारी ऑपरेशन करू. गुरुवारी दुपारी दाखल व्हा."

"म्हणजे गटार तुंबलंय," बाबा म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत. बाबांनी तिथल्या तिथे त्यांचे दोन गुण कापले.

"आणि या गोळ्यांनी रक्त पातळ होतं," डॉक्टर पुढे म्हणाले. "कुठे कापू नका, खरचटू देऊ नका. रक्त लवकर थांबायचं नाही."

तर शनिवारी बाबांनी जाहीर केलं की अशा तोंडाने आपण ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार नाही. आधीच्या मुक्कामात हॉस्पिटलातल्या एका पोऱ्याने त्यांच्या गालावर मशीन फिरवलं होतं. त्याला बाबा "गवत कापून गेला" म्हणायचे. त्यालाही आता चार दिवस झाले होते. पांढरे खुंट वर आले होते, आणि आयुष्यात एकही सकाळ दाढी केल्याशिवाय न काढलेला तो माणूस आरशासमोरून जाताना मान खाली घालत होता.

ताई तेव्हा आलेली होती. ताई म्हणजे पहिला नमुना. बालवाडीत शिकवायची, त्यामुळे ती सगळ्यांशीच तीन वर्षांच्या मुलाशी बोलावं तसं बोलायची.

"बाबा, ब्लेड नको म्हणालेत ना डॉक्टरकाका? मग? हट्ट नाही करायचा."

"हट्ट नाही, धंद्यातली गोष्ट सांगतो," बाबा म्हणाले. "पाटी दुरुस्तीला येते ना, तिच्यावर बोटभर धूळ असली की कारागीर काय समजतो? की मालकालाच पडलेली नाही. मग तोही एकच हात मारून मोकळा होतो. पुसूनपासून आणलेली पाटी आली की आपोआप दोन हात बसतात. डॉक्टर झाला तरी कारागीरच. माझ्याकडे बघून त्याला कळलं पाहिजे, की हे कुणाचं तरी आहे."

ताईने फोन काढून बाबांच्या हातात दिला.

न्हाव्याला विचारून झालं. गोळ्यांचं नाव ऐकताच तो म्हणाला, "काका, मला अजून वीस वर्षं दुकान चालवायचंय." मशीन नको, न्हावी नाही, उजवा हात नाही. बाबांनी डाव्या हाताने स्वतः करून बघायचं ठरवलं, तर ब्रशने फेस कानात गेला.

"मी करतो," धाकटा म्हणाला.

धाकट्याच्या हाताबद्दल घरात एक जुना निकाल लागलेला होता. चौदाव्या वर्षी बाबांनी त्याला ब्रश देऊन एक पाटी लिहायला बसवलं होतं. अक्षरं सुरुवातीला ताठ होती, मग एकेक करून उतारावरून घसरत गेली आणि शेवटचं अक्षर चौकटीबाहेर भिंतीवर गेलं. बाबा रागावले नाहीत. ते फक्त म्हणाले, "तू नोकरी कर." त्यानंतर दहा वर्षांत त्यांनी धाकट्याच्या हातात स्वतःचं कुठलंही हत्यार दिलेलं नव्हतं. साधी पट्टीसुद्धा नाही.

बाबांनी त्याच्या बोटांकडे पाहिलं.

"ये इकडे, गाढवा," ते म्हणाले. "कपाटातला डबा आण."

डब्यात रेझर होता. पितळी, तीन तुकड्यांचा, वरचा मुलामा उडून बोटांच्या जागी पिवळा पडलेला. धाकट्याने तो हातात घेतला तेव्हा त्याच्या वजनाने तो दचकलाच. त्याचं स्वतःचं आजवरचं काम प्लास्टिकच्या, वापरून फेकायच्या यंत्रावर चालायचं. तसं कामही फार नव्हतं.

"पहिल्यांदा स्वतःची कर," बाबा म्हणाले.

"माझी दाढी आहे ना थोडी."

"ती दाढी नाही, अफवा आहे. तरी कर."

रविवारी शिकवणी सुरू झाली. दांडा फिरवायचा, टोपी सुटते, पातं कडेने धरायचं, धारेला बोट लावायचं नाही, टोपी परत बसवायची आणि घट्ट करायची. धाकट्याने चार वेळा पातं बसवलं. पाचव्यांदा बाबांनी डोळे मिटून बसवायला लावलं. मग गरम पाण्याचा टॉवेल. मग वाटीत साबण, ब्रश गोल गोल, फेस इतका दाट की ब्रश उभा राहिला पाहिजे.

"आता ऐक. दांडा गालाशी असा धर की पातं नुसतं टेकेल. फार उभा धरलास तर खरवडेल, फार आडवा धरलास तर नुसता फेस पुसशील. आणि जोर लावायचा नाही. वजन यंत्राचं, तुझं नाही. ब्रशवर जोर दिला तर अक्षर पसरतं. इथे जोर दिलास तर माणूस पसरेल."

"आणि केस ज्या बाजूला झुकलेत त्याच बाजूला?"

"त्याच बाजूला. उलटा गेलास की केस अडतो, पातं उडी मारतं. आणि शेवटचं. पातं गालावर असताना कुणी बोलायचं नाही. करणाऱ्याने नाही, करून घेणाऱ्याने नाही. बोलला की गाल हलतो."

हा नियम बाबांनी पाळणं म्हणजे नदीने दुपारची सुट्टी घेणं. पण तो त्यांनीच केला, हे लक्षात असू द्या.

रविवारी धाकट्याने स्वतःच्या हनुवटीला तीन ठिकाणी कापून घेतलं, सोमवारी एका ठिकाणी, आणि सोमवारी संध्याकाळी बाबा म्हणाले, "स्वतःला कापलेलं कळतं. दुसऱ्याला कापलेलं कळत नाही. फुगे आणा."

ताईने बालवाडीतून चोवीस फुगे आणले. फुग्याला फेस लावायचा आणि फुगा न फोडता फेस उतरवायचा. पहिला फुगा फेस लावतानाच वारला. मंगळवारी सकाळपासून एकूण अकरा फुगे कामी आले. धाकट्याने कार्यालयात "घरगुती अडचण" म्हणून रजा टाकली होती. साहेबांनी अडचणीचं स्वरूप विचारलं तेव्हा तो खरं ते म्हणाला, "फुगे." रजा मंजूर झाली. बहुधा भीतीने.

आवाज ऐकून वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर खाली आले. खोलीत रंगीत फुगे, वाटीत पांढरा फेस, खुर्चीत नीटनेटके बाबा. मास्तरांनी दोन्ही हात पसरले.

"अरे वा! वाढदिवस! किती पूर्ण?"

"तेरा उरलेत," बाबा म्हणाले.

मास्तरांना हे काहीतरी गहन वाटलं. ते गंभीरपणे मान हलवून गेले.

बारावा फुगा वाचला. तेरावा वाचला. चौदाव्यावर धाकट्याने तीन वेळा फेस चढवला आणि तीन वेळा उतरवला. रबर चरचरलंसुद्धा नाही. त्याने वर पाहिलं तेव्हा बाबा बाहेर बघत होते, म्हणजे मघापासून फुग्याकडेच बघत होते.

"हं," ते म्हणाले. "हात आहे."

दोन शब्द. धाकटा स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून उगाच बराच वेळ वाटी धूत बसला.

बुधवारी नकाशा झाला. बाबांचं म्हणणं असं, की प्रत्येक दाढीला आपापला वारा असतो, तो कळल्याशिवाय पातं लावायचं नाही. त्यांनी एक पुठ्ठा मागितला आणि डाव्या हाताने त्यावर स्वतःचा चेहरा काढला. रेघ थरथरत होती, कान बटाट्यासारखे झाले, पण चेहरा त्यांचाच होता, भुवईतल्या खाचेसकट. मग त्यावर बाण. गालावर सगळे खाली. गळ्यावर तिरपे. आणि जबड्याच्या एका कोपऱ्यात एक भोवरा, तिथले बाण सरळ वर.

"इथे सांभाळ," बाबा म्हणाले. "इथे केस उलटे उगवतात. बाकी सगळीकडे वरून खाली, इथे खालून वर. या कोपऱ्याने मला तिसेक वर्षं छळलंय."

धाकट्याने तो पुठ्ठा पाठ केला. जेवताना समोर ठेवला. रस्त्यात लोकांच्या जबड्यांवर त्याला बाण दिसू लागले.

आता गुरुवार येतोय. त्याला काही इलाज नाही. बुधवारनंतर दुसरं काही ठेवण्याची सोय नसते.

गुरुवारी सव्वादहाला बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले. गळ्याभोवती टॉवेल. साडेबाराला टॅक्सी सांगितलेली होती, ताई परस्पर हॉस्पिटलात येणार होती. भिंतीला टेकवून पुठ्ठा उभा केला. पातं नवं.

"उजवा आधी," बाबा म्हणाले. "हा पडेल गाल आहे, फुगवता येत नाही. तुला बोटांनी ताणावा लागेल. अवघड अक्षर आधी काढायचं, म्हणजे हात ताजा असतो. डावा सोपा. तो मी फुगवून देतो, तू नुसतं फिरव."

धाकट्याने गरम टॉवेल ठेवला. फेस लावला. बापाच्या गालाला त्याने मोठेपणी कधी हात लावलेला नव्हता. तो फुग्यापेक्षा मऊ होता आणि फुग्यापेक्षा जुना. त्याने दोन बोटांनी कातडी वर ताणली आणि पातं टेकवलं.

वरून खाली. फेसातून एक पट्टा उघडा पडला, गुलाबी, स्वच्छ. दुसरा पट्टा. तिसरा. केस कापला जाताना बारीक आवाज येत होता, वाळूवरून पाऊल ओढावं तसा. फुग्यांनी हा आवाज कधी केला नव्हता. कानाखालून, मिशीच्या कोपऱ्यापर्यंत, एक थेंब न सांडता. बाबा डोळे मिटून गप्प होते. धाकट्याला वाटलं की आपण आता हे रोज करू. ऑपरेशननंतरही. म्हातारपणभर. कार्यालयात उशिरा जाऊ, साहेबांना सांगू, "घरगुती अडचण."

मग तो जबड्याच्या कोपऱ्याशी आला. त्याने पुठ्ठ्याकडे पाहिलं. पुठ्ठ्यावर भोवरा डाव्या हाताला होता. समोर बसलेल्या बाबांचा, त्याच्या डाव्या हाताला येणारा जबडाही हाच. त्याने पातं खाली नेलं आणि खालून वर न्यायला सुरुवात केली.

"हं," बाबा घशातल्या घशात म्हणाले.

मंगळवारी हाच आवाज काढून त्यांनी शाबासकी दिली होती. धाकटा आत्मविश्वासाने आणखी वर गेला. केस अडले. पात्याने उडी मारली.

फेसावर एक लाल ठिपका आला. मग ठिपक्याची रेघ झाली.

"अरे थांब, थांब!" बाबांनी डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं. "काय करतोयस? वर कुठे चाललास?"

"भोवरा आहे ना इथे! नकाशात—"

बाबांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. मग छोटा आरसा घेऊन स्वतःकडे. आणि हसायला लागले. अर्धंच तोंड हसत होतं, पण भरपूर हसत होतं.

"भोवरा डावीकडे आहे, गाढवा! माझ्या डावीकडे! तो मी आरशातला काढलाय."

"मग सांगायचं ना!"

"पातं गालावर असताना?"

धाकट्याने कापूस दाबून धरला होता. कापूस भिजला. त्याने दुसरा घेतला.

"चाळीस वर्षं काचेवर उलटं लिहिलं," बाबा म्हणाले, "बाहेर उभ्या माणसाला कसं दिसेल त्याचा विचार करून. आणि स्वतःचं तोंड काढताना विसरलो बघ." त्यांनी आरसा खाली ठेवला. "खरं म्हणजे विसरलो नाही. तू उभा आहेस तिथून मी मला कधी पाहिलेलंच नाही. कसा दिसतो रे?"

"अर्धे चांगले दिसता."

"फेस पूस, खाजतोय. आधी हे थांबू दे. मग डावा करू. वेळ आहे."

वेळ होता. घड्याळात पावणेअकरा झाले होते. तुरटी लावली, दाबून धरलं, काढून पाहिलं, परत लाल. तिसरा कापूस. चौथा. धाकट्याचा हात गालावर, बाबांचं डोकं खुर्चीच्या पाठीला टेकलेलं.

"ताईला सांगू नकोस," बाबा म्हणाले. "मला डबा वाजवून गाणं म्हणायला लावेल."

"तिला दिसेलच."

"सांगू, की मांजर."

"आपल्याकडे मांजर नाही."

"मग टॅक्सीत एक घेऊ."

पुढे बाबा काही बोलले नाहीत. डोळे मिटून पडून राहिले. धाकट्याला बरं वाटलं. ते बोलले की गाल हलत होता आणि जखम उघडत होती. तो एकाच जागी, एकाच जोराने दाबत उभा राहिला. खाली कुणीतरी सायकलची साखळी बसवत होतं. मनातल्या मनात तो पुन्हा पुन्हा एकच गोष्ट मागत होता, की थांबू दे.

अकरा वाजून दहा मिनिटांनी त्याने कापूस उचलला. कोरडा. त्याने वाकून पाहिलं, परत पाहिलं. एक थेंब नाही.

"थांबलं!" तो आनंदाने ओरडला. "बाबा, थांबलं!"

पुढची दोन-तीन मिनिटं त्या खोलीत एक सुखी माणूस होता. त्याने वाटी घेतली, ताजा फेस केला, पातं धुतलं, पुठ्ठा उचलून उलटा धरला आणि खिडकीच्या उजेडात मागच्या बाजूने आरपार बघायचा प्रयत्न केला. मग त्याचं त्यालाच हसू आलं. डाव्या गालावर त्याने ब्रशने फेस चढवला, छान, दाट. कातडी ताणायची गरज नव्हती. हा सोपा गाल.

"फुगवा," तो म्हणाला.

गाल फुगला नाही.

"बाबा, फुगवा."

तो तसाच, हातात रेझर धरून, वाट बघत उभा राहिला. मग आणखी एकदा म्हणाला, या वेळी ताईसारखं, तीन वर्षांच्या मुलाला सांगावं तसं. मग म्हणाला नाही.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी डोळ्यांत उजेड पाडून पाहिलं, मनगट पाहिलं, आणि धाकट्याने न विचारताच सांगितलं की त्या ओरखड्याचा याच्याशी काहीही संबंध नाही, आतला गाळ सुटला, असं कधीही झालं असतं, झोपेतही. धाकट्याने मान हलवली. आवक-जावकमध्ये तो असंच करायचा. कागद घेतला, शिक्का मारला, आतलं वाचलं नाही.

ताई धावत आली. तिने बाबांच्या डाव्या गालावरचा वाळलेला फेस पदराने पुसला, आणि तिचा हात खुंटांवर थांबला.

"एवढी बाजू राहिली रे," ती म्हणाली. तिच्या नेहमीच्या आवाजात नाही. मोठ्या माणसांच्या.

"करतो मी," धाकटा म्हणाला.

त्याने खरंच रेझर उचलला. तिने वाटी धरली. पातं गालावर टेकलं आणि तिथेच राहिलं. कोन बरोबर होता, वजन यंत्राचं होतं, केसांची दिशा आता पक्की ठाऊक होती. हातही थरथरत नव्हता. पण दाढी हे दोघांचं काम असतं. समोरच्याने थोडा गाल पुढे करायचा असतो, श्वास रोखायचा असतो, मनातल्या मनात शिवी घालायची असते. बराच वेळ झाल्यावर ताईने त्याच्या हातातून रेझर हळूच काढून घेतला, आणि खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवायला लागला.

दहा-बारा दिवसांनी धाकटा कामावर परत गेला. दुपारी खिडकीसमोरची रांग संपल्यावर त्याने एक कोरा कागद घेतला. अक्षरं ताठ सुरू झाली आणि शेवटपर्यंत ताठच राहिली.

प्रति,
जे कोणी संबंधित असतील ते अधिकारी.

विषय: गुरुवार सकाळपैकी पंधरा मिनिटे परत मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदाराच्या वडिलांच्या चेहऱ्याचे काम अर्जदाराकडे सोपविण्यात आले होते. पैकी अवघड बाजू पूर्ण झाली असून, सोपी बाजू अर्जदाराच्या चुकीमुळे शिल्लक आहे. कोणती बाजू कोणाची, हे अर्जदारास आता समजलेले आहे. सदर कामासाठी पंधरा मिनिटे पुरेशी आहेत. अधिक वेळ मागण्यात येणार नाही. वडिलांना बोलण्याची परवानगी दिली नाही तरी चालेल, मात्र गाल फुगविण्याइतपत त्यांना उपस्थित ठेवावे.

तरी सदर पंधरा मिनिटे शक्य तितक्या लवकर, कार्यालयीन वेळेत अथवा वेळेबाहेर, मंजूर करण्यात यावीत, ही नम्र विनंती.